ब्रेक लागला की स्क्रीन जाते

पहिल्यांदा स्क्रीन गेली तेव्हा मी तिला चक्क रागावले. उभा जन्म मुलींना गणित शिकवण्यात गेला. समोरचं कुणी ऐकत नाहीसं दिसलं की माझा आवाज आपोआप चढतो, मग समोर नववीचा वर्ग असो नाहीतर मोटार. बडोद्यातल्या कारेलीबागेतून समा भागात ताईकडे निघाले होते. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, गुडघ्यांनी घरात बसवलेली. दर गुरुवारी दुपारी मी तिच्याकडे जाते. वाटेत एक गाय कुणाच्या तरी लग्नाला निघाल्यासारखी निवांत आडवी आली. मी ब्रेक मारला आणि समोरची ती पाटीएवढी स्क्रीन काळीठिक्कर पडली. गाणं बंद, नकाशा बंद, एसीसुद्धा बंद, कारण ह्या नव्या गाड्यांत एसीचं बटणही स्क्रीनवरच असतं. मग कंपनीचं चिन्ह उगवलं, कुठलासा गरबा कान फाटतील एवढ्या आवाजात सुरू झाला, आणि मी हात लावायच्या आत गाडीने आपल्या मनाने आमच्या नळवाल्याला फोन लावला.

"बोलो मासी," नळवाला म्हणाला.

"काही नाही, गाडीने लावला," मी म्हटलं. त्याने काय समजून घेतलं कोण जाणे. तो हसला आणि त्याने फोन ठेवला.

ताईकडे पोहोचेपर्यंत स्क्रीन सुतासारखी सरळ. मीही विसरून गेले.

हे सगळं लिहिताना काही गोष्टी मी ताईला आणि मुलाला विचारून घेतल्या आहेत. कशाच्या आधी काय झालं, एवढंच. बाकी सगळं मला आठवतं तसं.

गाडी मुलाने पसंत केलेली. तो बंगलोरला असतो. हे गेल्यावर आमची जुनी गाडीही फार टिकली नाही. रिक्षाने फिरेन म्हटलं तर तो ऐकेना. "आई, ह्यात सगळं स्क्रीनवर दिसतं. मागे काय आहे तेही दिसतं. तुला मान वळवायचीसुद्धा गरज नाही." मान वळवायची गरज नाही ही काय मोठी चैन आहे हे साठीनंतर कळतं. गाडी आली त्या दिवशी कोपऱ्यावरच्या माताजीच्या देवळात नेली, चाकांखाली लिंबं चिरडली, आणि पुजाऱ्याने लाल-हिरव्या चुंदडीत, देवीच्या जरीकाठी ओढणीत, बांधलेला नारळ डॅशबोर्डच्या खणात ठेवला. आमचं घराणं मूळचं घाटापलीकडचं. आजोबा संस्थानच्या शिक्षणखात्यात होते, घरातले देव आणि आरत्या अजून मराठी. पण बडोद्यात राहून गाडीत चुंदडीचा नारळ नाही म्हणजे गाडीचं बारसंच झालं नाही. हे स्कूटरच्या डिकीतसुद्धा नारळ ठेवायचे. आणि गाडी दुरुस्तीला द्यायची झाली की नारळ आधी काढून घरी ठेवायचा, ही आमच्याकडची पद्धत. देवाची वस्तू, ती तेलकट हातांत आणि बुटांच्या पायांत कशाला द्या? गाडी परत आली की नारळ परत खणात.

तर स्क्रीन. पुढच्या आठवड्यात ती पुन्हा गेली, मग पुन्हा. ब्रेक जरा जोरात लागला की काळी. कधी क्षणभर, कधी चांगली पाच-सात मिनिटं. वैताग असा की शेजारी कुणी बसलं की एकदम शहाणी. ताईला दवाखान्यात नेलं तेव्हा मी तिला दाखवायला म्हणून मुद्दाम दोनदा ब्रेक दाबला. ताईची औषधांची पिशवी असते, जाईल तिथे तिच्याबरोबर जाणारी. गाडीत बसल्या बसल्या ती ती पिशवी समोरच्या खणात कोंबते आणि दार लागत नाही म्हणून वरून गुद्दा मारते. त्या दिवशीही मारला. पण स्क्रीन हलली नाही की डुलली नाही.

"अगं, दिसतेय ने व्यवस्थित," ताई म्हणाली.

"आता दिसतेय. एरवी जाते."

"कुणी पाहिलं?"

"मी पाहिलं!"

ताई खिडकीबाहेर बघत राहिली. दवाखाना आला तेव्हा उतरता उतरता म्हणाली, "आईचं कोथिंबिरीचं आठवतं ने तुला?"

मी तिची पिशवी खणातून ओढून तिच्या हातात दिली. पण ते वाक्य त्या दिवसापासून डोक्यातून गेलंच नाही.

कोथिंबिरीचं सांगायला हवं. आमची आई सत्तरीच्या अलीकडे होती तेव्हापासून रोज सकाळी कोथिंबिरीची जुडी आणू लागली. घरात कोथिंबीर नाही असं तिला रोज वाटायचं. आम्ही हसायचो. मग ती आणेनाशी झाली, आम्हाला वाटलं, सुधारली. एकदा तिच्या साड्यांच्या कपाटाला वास येऊ लागला म्हणून मी ते उघडलं, तर घड्यांच्या मागे जुड्याच जुड्या. काळ्या पडलेल्या, गळून गेलेल्या, एक तर अजून हिरवीगार. मी आईवर ओरडले. ती पलंगाच्या कडेवर बसून होती. म्हणाली, "मला घरी आल्यावर कळायचं ग, की आधीची आहे. मग तू रागावशील म्हणून ठेवून द्यायचे." पुढे तिचं सगळंच गेलं. आधी गुजराती गेली, मग आमची नावं, मग ताट समोर कशासाठी आहे तेही. ती गेली तेव्हा मी आणि ताई स्वयंपाकघरात उभ्या होतो, आणि आम्ही एकमेकींना वचन दिलं. आपल्यापैकी कुणाचं असं काही सुरू झालं, तर लपवायचं नाही. जिचं असेल तिने स्वतः सांगायचं.

तेव्हा असं वचन देणं सोपं होतं. माझे केससुद्धा काळे होते.

गाडी सर्व्हिस सेंटरला दिली. तिथला मुख्य माणूस मोठा गोड बोलणारा. त्याने गाडी ठेवून घेतली, संध्याकाळी फोन केला, "बेन, गाडीमां कशुंज नथी. अमे बहु फेरव्युं, ब्रेक मारी मारीने जोयुं." काही नवीन सॉफ्टवेअर घातलं म्हणाला. मी गाडी आणली, दोन-तीन दिवस सगळं ठीक चाललं, आणि मग पुन्हा भर चौकात अंधार. पुन्हा दिली. पुन्हा तेच, "कशुंज नथी," काहीच नाही. तिसऱ्या खेपेला मी त्याच्या टेबलासमोर बसून हातवारे करून सांगत होते, ब्रेक असा लागतो, स्क्रीन अशी जाते, गरबा लागतो, नळवाल्याला फोन जातो. तो मान डोलवत होता. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल इतकी माया होती की माझे हातच थांबले. तसा चेहरा मी ओळखते. आई बाजारात तिसऱ्यांदा तेच विचारायला गेली की भाजीवाली तिच्याकडे तशीच बघायची.

मी घरी आले आणि सतराचा पाढा उलटा म्हटला. मग एकोणीसचा. बरोबर आले. तरी दोन्ही पुन्हा पहिल्यापासून म्हटले.

त्यानंतर मी स्वतःच्या परीक्षा घ्यायला लागले. सकाळी उठल्यावर काल रात्री काय जेवले. दूधवाल्याचं नाव. आमच्या मजल्यावरच्या सगळ्या घरांची आडनावं. गॅस बंद केला की नाही हे बघायला जिन्यातून परत. सगळं जमायचं. पण जमलं म्हणून भीती जात नव्हती. आईलाही पाढे फार उशिरापर्यंत येत होते, हे मला तेव्हाच का आठवावं? रात्री डोळा लागेना. दिवसा कुणी "अहो, मागच्या वेळी म्हणालात ने" असं म्हटलं की मी हातातलं काम सोडून आठवत बसायचे. मागच्या वेळी मी काय म्हणाले होते?

आता वाचणाऱ्याला विचित्र वाटेल, पण स्क्रीन बिघडली की मला बरं वाटायचं. काळी पडली की मी मनात म्हणायचे, बघ, हे खरं आहे, हे तुझ्या डोळ्यांसमोर आहे. आणि ती आठवडाभर नीट चालली की मी भिऊन अर्धी व्हायचे. मुलाने फोनवर सांगितलं, "आई, व्हिडिओ काढ. म्हणजे त्यांना दाखवता येईल." गाडी सर्व्हिस सेंटरमधून नुकतीच आली होती. दुसऱ्याच दिवशी फोन समोर लावून मी भर दुपारी अर्धं बडोदं पालथं घातलं. फतेहगंज, निझामपुरा, परत समा. रिकामा रस्ता दिसला की ब्रेक. मागचे स्कूटरवाले शिव्या घालत पुढे जात. स्क्रीन गेली नाही. एकदाही नाही. घरी येऊन मी ती सगळी चित्रफीत पाहिली. त्यात फक्त माझा आवाज होता, "आता बघ, आता जाईल. आता बघ." मी ती पुसून टाकली.

मुलाला काय सांगायचं? मी सांगितलं, काढायची राहिली.

मग पार्किंगचा प्रसंग झाला. आमच्या सोसायटीत गाडी मागे घेत घेत खांबांच्या मधे लावावी लागते. मी नेहमीसारखी फाटकातून आत आले, कुणाचं तरी मांजर आडवं गेलं म्हणून कचकन ब्रेक दाबला, मग रिव्हर्स टाकला. स्क्रीनवर काही नाही. काळं. मी मान वळवायला हवी होती. पण मान वळवायची सवयच मोडली होती. मी वाट बघत होते, आता येईल चित्र, आता येईल, आणि पाय आपोआप सैल पडला होता.

"मासी! ऊभा रो! ऊभा रो!" वॉचमन गाडीच्या मागच्या काचेवर हात आपटत होता.

मागे तळमजल्यावरचे काका होते. हातात वॉकर. गाडी त्यांच्या वॉकरला टेकली होती, इतकी हलकी की त्यांना कळलंही नव्हतं. ते मला म्हणाले, "आवो बेन, आवो," जणू मी त्यांच्याकडे चहाला आले होते. मी खाली उतरले. दोन-तीन शेजारी जमले. मी म्हटलं, कॅमेरा बंद पडला, स्क्रीन बघा. सगळ्यांनी वाकून पाहिलं. स्क्रीनवर खांब, फाटक, काकांचा वॉकर, सगळं लख्ख दिसत होतं, त्याच्यावर त्या पिवळ्या-लाल रेषासुद्धा. वॉचमनने माझ्या हातातून किल्ली घेतली आणि गाडी लावून दिली. त्या दिवसापासून तो रोजच लावून देऊ लागला. मी नको म्हटलं नाही, ह्याचाच मला जास्त राग आला.

मुलाला कुणीतरी कळवलं. ताईच असणार. तो म्हणाला, "आई, मी येतोय. तोपर्यंत गाडी नको काढूस." आवाज मऊ होता. मऊ आवाज ऐकून मी घाईने फोन ठेवला, कारण आईशी बोलताना आम्ही सगळे असेच मऊ बोलायचो.

मी गाडी काढली. हट्टच म्हणा. बाजव्याला माझी शाळेतली एक जुनी मैत्रीण राहते. तिच्या यजमानांची नोकरी रिफायनरीत होती, पुढे तिथेच घर बांधलं. आम्ही वर्षानुवर्षं एकमेकींकडे जातो. छाणीवरून पुढे, फाटक, मग डावीकडे. नकाशा लावायची गरज नव्हती, पण हल्ली मी कोपऱ्यावर जायलाही नकाशा लावते, ती बाई सांगते त्याप्रमाणे वळते. एका टँकरने समोरून कट मारला. मी ब्रेक दाबला. स्क्रीन गेली आणि ती बाईही अर्ध्या वाक्यात गप्प झाली.

मी गाडी कडेला घेतली. पुढे टँकर, मागे टँकर, हवेत तो गॅसचा उग्र वास, लांब चिमणीच्या टोकावर दिवसाढवळ्या ज्योत जळत होती. समोर रस्ता फुटत होता. आणि मला कळेना, डावीकडे की उजवीकडे.

कळेना म्हणजे काय, हे लिहून सांगता येणं कठीण आहे. विसरलेली गोष्ट आठवताना ती कुठेतरी जवळ आहे एवढं तरी वाटतं. इथे तसं काही नव्हतं. जणू ह्या फाट्यावर मी जन्मात आले नव्हते. मी स्टिअरिंग घट्ट धरून बसले. स्क्रीनला म्हटलं, "ये ग बाई, ये." तिला आजवर रागावले होते, त्या दिवशी हात जोडले. शेवटी चिन्ह उगवलं, गरबा ओरडला, आणि त्या बाईने सांगितलं, डावीकडे वळा. मी वळले. मैत्रिणीच्या दारात बोगनवेल दिसली तेव्हा रडू फुटलं.

तिला सांगितलं, नकाशा गेला म्हणून रस्ता चुकले. ताईलाही तेच सांगितलं, मुलालाही. स्वतःलाही तेच सांगितलं, आणि सगळ्यांत जास्त वेळा.

मुलगा आला. पहिले दोन दिवस तो माझ्या शेजारी बसून फिरला आणि काही झालं नाही. त्याची सवय बापाची. गाडीत बसला की खिशातलं सगळं बाहेर काढायचं आणि समोरच्या खणात भरायचं, पाकीट, गॉगल, चार्जरच्या वायरी, पाण्याची बाटली. मी गाडी चालवत होते आणि तो मला बघत होता, हे मला न बघताही दिसत होतं. दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना तो म्हणाला, "आई, एकदा डॉक्टरांना दाखवू या का? सहज." मी भाताचा घास तोंडात तसाच धरला.

"स्क्रीन जाते रे," मी म्हटलं. "खरंच जाते."

"हो आई. मी कुठे नाही म्हणतोय?"

तिसऱ्या दिवशी ताईकडे निघालो. पुढच्या सकाळी विमान होतं म्हणून त्याने खणातलं सगळं सामान आदल्या रात्रीच वर नेऊन बॅगेत भरलं होतं, आणि आज तो रिकाम्या खिशांनी बसला होता. समाच्या रस्त्यावर तीच गाय, किंवा तिची बहीण. मी ब्रेक मारला.

स्क्रीन काळीठिक्कर.

मी मुलाकडे पाहिलं. तो स्क्रीनकडे बघत होता. तोंड उघडं. मग गरबा लागला आणि नळवाल्याला फोन गेला.

"बोलो मासी!"

मी हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. मुलाने गाडी बाजूला घ्यायला लावली. "आई, एक मिनिट. ब्रेक मारलास तेव्हा इथे आत काहीतरी धाडकन आपटलं." त्याने खण उघडला. आत चुंदडीतला नारळ एकटाच होता, पार मागच्या भिंतीला जाऊन टेकलेला. त्याने नारळ हाताने आत ढकलला, स्क्रीन गेली. ओढला, थोड्या वेळाने आली. पुन्हा ढकलला, गेली. खणाची मागची झडप खिळखिळी झाली होती आणि तिच्यामागून स्क्रीनची वायर जात होती. खण भरलेला असला की नारळ अडकून बसायचा. रिकामा असला की ब्रेकसरशी घरंगळत जाऊन वायरीवर आदळायचा. सर्व्हिस सेंटरवाल्यांना सापडणार कसा? त्यांच्याकडे गाडी जायची तेव्हा देव घरी असायचे.

"आई, तुझ्या माताजींनी सहा महिने आपल्याला नाचवलं!" मुलगा पोट धरून हसत होता.

ताईकडे काय धमाल झाली. ताईने खालच्या दुकानातून लिलो चेवडो, तो आमचा बडोद्याचा ओला चिवडा, आणि जिलबी मागवली. "मला माहीतच होतं," ती म्हणाली. "मी म्हटलंच होतं, गाडीतच खोट आहे." मी म्हटलं, "हो ने, खिडकीबाहेर बघत म्हटलं होतंस." सगळे हसलो. डॉक्टरांचा विषय कुणी काढला नाही. मुलाने माझ्या खांद्याभोवती हात टाकला. त्याचा आवाज पूर्वीसारखा खरखरीत झाला होता. त्या रात्री मी कित्येक महिन्यांनी गाढ झोपले.

सकाळी तो निघाला. निघताना नारळ माझ्या हातात दिला. "हा आता देवाजवळ ठेव आणि परत गाडीत घालू नकोस. दुसरं काहीतरी ठेव. सुपारी ठेव." मी म्हटलं, "शहाणा आहेस."

त्याला विमानतळावर सोडून आले, एकटी गाडी चालवत. वाटेत मुद्दाम दोनदा जोरात ब्रेक मारला. स्क्रीन जागची हलली नाही आणि मला पहिल्यांदाच तिची भीती वाटली नाही. वॉचमन किल्ली घ्यायला पुढे आला तेव्हा त्याला थांबवलं, "रेवा दे, हुं मूकीश." मीच लावीन. मान वळवून, कॅमेऱ्याकडे न बघता, एका दमात गाडी लावली.

घरी येऊन हात-पाय धुतले, नारळ घेतला आणि देवघराखालचं कपाट उघडलं. कपाट बुटकं आणि खोल आहे. समया, गणपतीचा पाट, तोरणं, असं सणावाराचं सामान त्यात असतं. गाडी दुरुस्तीला दिली की मी नारळ तिथेच ठेवते, हात लांब करून आत सरकवते. तसा सरकवला. तो आत जाईना. कशाला तरी टणकन लागला.

मी खाली बसले. हात घातला. हाताला जरीची किनार लागली.

बाहेर काढला. चुंदडीत बांधलेला नारळ. पुन्हा हात घातला. आणखी एक. आणि अगदी मागे, पाटाच्या आड, तिसरा. त्याची चुंदडी विटली होती. पुजाऱ्याने गाठीत खोचलेलं फूल वाळून काळं झालं होतं, हा गाडीच्या पूजेचा.

मी ते चारही समोर मांडून बसले. एकेक कानाशी हलवला. जुना खुळखुळ वाजला, आत नुसता गोळा. पुढचा त्याहून कमी. त्याच्या पुढच्यात थोडं पाणी. मुलाने दिलेल्यात भरपूर पाणी, डुचमळत होतं.

तीनदा मी गाडी दुरुस्तीला दिली. तीनदा नारळ काढून इथे ठेवला. आणि तीनदा, गाडीत नारळ नाही असं वाटून, कोपऱ्यावरच्या देवळात जाऊन नवा आणला. देवळात गेले असेन, चपला काढल्या असतील, पुजाऱ्याशी चार शब्द बोलले असेन. त्यातलं मला काही आठवत नाही. आताही आठवत नाही. मी खूप वेळ डोळे मिटून आठवून पाहिलं. बाजव्याच्या फाट्यावर होतं तसंच, तिथे काही नाही.

मग मी उठले. फार शांतपणे उठले, हे मला लख्ख आठवतं. ओट्यावर बत्ता घेतला, जुन्या नारळाची चुंदडी सोडली आणि फोडला. आतला गोळा सुकून तेलकट झाला होता, खवट वास सुटला. ठीक आहे, हा टाकून देऊ, बाकीच्यांच्या वड्या करू, असं मनात चाललं होतं. चुंदड्या पिशवीत भरून माळ्यावर. खालच्या काकांना वड्या देऊ, मैत्रिणीला देऊ. साखर आहे का डब्यात? संध्याकाळपर्यंत होतील सगळ्या. कुणाला कळायचंही कारण नाही. मुलगा खूश आहे, ताई खूश आहे, गाडी नीट आहे.

दुसरा नारळ हातात घेतला होता. चुंदडीची गाठ सुटत नव्हती, मी ती दातांनी सोडवत होते. आणि मला आई दिसली, पलंगाच्या कडेवर बसलेली. मी रागावेन म्हणून ठेवून द्यायची. मला इतकी भीती वाटली की ओट्याला धरून उभी राहिले. आईला किती भीती वाटली असेल हे मला तोवर कधी कळलंच नव्हतं. रोज सकाळी, कपाटासमोर, हातात जुडी घेऊन, एकटीला.

नारळ खाली ठेवला. फोन घेतला. मुलगा बंगलोरला उतरला असेल नसेल. रिंग वाजत होती तेव्हा वाटलं, न उचलला तर बरं.

त्याने उचलला. मागे विमानतळाचा गलका होता.

"बोल आई! पोहोचलो आत्ताच. काय झालं, स्क्रीन परत गेली की काय?"

तो हसत होता.

"नाही रे," मी म्हटलं. "स्क्रीन ठीक आहे. माझं सांगायचंय."